रुळांपलीकडची खोली

स्पिरिटचा वास आला की मला नाशिक रोडची ती खोली आठवते. रुळांपलीकडे, बंद पडलेल्या शिवणक्लासच्या जागेत आमचं केंद्र होतं. सुईने नशा करणाऱ्यांना आम्ही नव्या सुया द्यायचो, वापरलेल्या परत घ्यायचो. एकच सुई चौघांत फिरली की एचआयव्ही पसरतो, म्हणून हे काम. घरी मी एवढंच सांगितलं होतं, दवाखान्यात नोकरी आहे.

पेंटर तिथे भेटला. चाळिशीचा, सायखेड्याचा, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. पहिल्यांदा आला तेव्हा दंडावर मोठं गळू होतं. आठ दिवस मी रोज ड्रेसिंग केलं; त्याने मान वर केली नाही. नवव्या दिवशी म्हणाला, "ताई, तुम्ही सोड असं म्हणतच नाय कधी."

"म्हटलं तर सोडाल?"

"नाय."

"मग निदान दुसऱ्याची सुई घेऊ नका."

तो पहिल्यांदा हसला. त्यानंतर स्वतःच्याच नाही, सोबत्यांच्याही वापरलेल्या सुया गोळा करून आणायला लागला.

रक्त तपासायचं नाव काढलं की मात्र उठून जायचा. "कळून काय करू?" असं वर्षभर चाललं. मग एका सकाळी तो बायकोला घेऊनच आला. "आधी हिचं बघा."

दोघांचंही रक्त तपासलं. सरकारी दवाखान्यातून पक्का रिपोर्ट आला त्या दिवशी सांगायची पाळी माझी होती, आणि ती माझी पहिलीच वेळ. मी त्याला एकट्याला आत बोलावलं. तो म्हणाला, "हिच्यासमोरच सांगा."

तिला लागण नव्हती. त्याला होती. एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या आता रोज घ्याव्या लागतील, असं मी सांगितलं.

 तिने मला विचारलं, "गोळ्या रोज घ्यायच्या म्हणता. जेवणाआधी का जेवणानंतर?"

रडू मला आलं, तिला नाही.

त्या गोळ्यांबरोबर नशेची ओढ कमी करणारी, जिभेखाली ठेवायची गोळीही सुरू झाली. ती आमच्यासमोर घ्यावी लागे. सुरुवातीचे महिने बायको त्याच्यासोबत सायखेड्याहून बसने यायची, गोळी विरघळेपर्यंत समोर बसून भाजी निवडायची. मधे दोनदा तो घसरला. दोन्ही वेळा मान खाली घालून परत आला, आणि आम्ही काही न विचारता चहा ठेवला.

केंद्र आता दुसरीकडे गेलंय. मीही ती नोकरी सोडली. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या घरी जेवायला गेले होते. तो आता द्राक्षांच्या गाड्यांवर नावं रंगवतो. तिची तपासणी अजूनही नियमाने होते, काही निघालेलं नाही. "आता मला आठवण करून द्यावी लागत नाय," ती वाढता वाढता म्हणाली, "माझ्याआधी हेच गोळी घेऊन बसतात."

निघताना दोघं मला फाट्यापर्यंत सोडायला आली. बस येईपर्यंत आम्ही त्या काळी केंद्रावर येणाऱ्या एकेकाची आठवण काढत उभे होतो. जे राहिले नाहीत त्यांचं नाव आलं की तो थोडा थांबायचा, मग पुढचं नाव घ्यायचा.