रघूचा नैवेद्य

मला देवाचं दर्शन झालं ते शिरूरला, जनावरांच्या दवाखान्यात. निदान आमच्या घरातलं मत तसं आहे, म्हणजे बायकोचं. माझं अजून बनायचं आहे. देव त्या दिवशी आपल्या कुत्र्याला रेबीजचं इंजेक्शन द्यायला आला होता आणि त्याचा नंबर आमच्या मागे होता, एवढं मात्र मी शपथेवर सांगू शकतो.

आम्ही दौंडला राहतो. मी शाळेत इतिहास शिकवायचो, आता निवृत्त आहे. इतिहास शिकवून माणसाला एक वाईट सवय लागते: कुणी काही सांगितलं की पुरावा मागायचा. हिला ती सवय नाही, त्यामुळे आमचा संसार बरा चालला. मुलगी लग्न होऊन गेल्यावर घरात आम्ही दोघं आणि रघू. रघू म्हणजे काळं गावठी कुत्रं. पिल्लू असताना एका दुपारी फाटकाशी येऊन बसलं ते उठलंच नाही. नाव हिनं ठेवलं. शेजारचे रघुनाथराव तेव्हापासून आमच्याशी मोजकंच बोलतात. इतक्या वर्षांनी नवरा-बायकोला एकमेकांशी थेट बोलणं अवघड होत असावं. आम्ही बरंचसं रघूला सांगतो आणि दुसऱ्यानं ते ऐकून घ्यायचं, अशी व्यवस्था आहे. तो नसता तर घरात काय बोललं गेलं असतं, याचा विचार मी सहसा करत नाही.

आमचं कुलदैवत खंडोबा. चातुर्मासात घरात कांदा-वांगं बंद असतं. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे आणि पातीचा कांदा देवाला दाखवायचा, मग सगळं सुरू. खंडोबाबरोबर कुत्रं असतं, म्हणून त्या दिवशी नैवेद्यातला एक वाटा कुत्र्याला घालायचा. आमच्या गल्लीत बरीच घरं खंडोबाची आहेत. एरवी भटकी कुत्रीही पुष्कळ असतात, पण त्या दिवशी मागच्या मंगल कार्यालयात लग्न होतं आणि ती सगळी तिकडे गेली होती. गल्लीत उरला रघू. घरोघरच्या बायका ताट घेऊन बाहेर आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि आमच्या फाटकाशी आल्या. रघूनं कुणालाच नाराज केलं नाही. सगळ्यांचा उपास त्यानं एकट्यानं सोडला. ही कौतुकानं बघत होती. "बघितलंत? आज मान आहे त्याचा," असं मला म्हणाली.

त्यानंतर तीनचार दिवसांत तो जिना चढेना. मग उठेना. लघवी तांबडी व्हायला लागली. हिनं देवापुढचा भंडारा त्याच्या कपाळाला, कानांना लावला. मी त्याला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. ते भले गृहस्थ. त्यांनी रघूची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, "सर, माझा हात गाई-म्हशींत बसलेला आहे. यात वेळ घालवू नका. शिरूरला मॅडमकडे न्या, आत्ताच निघा." मी गाडी काढली. मागच्या सीटवर ही, तिच्या मांडीवर रघूचं डोकं. वाटेत ती त्याच्याशी बोलत होती आणि या खेपेला ते मला ऐकवण्यासाठी नव्हतं.

मॅडमचा दवाखाना एका शटरच्या गाळ्यात आहे. बाहेर बाकं. रघूची अवस्था बघून बसलेल्यांनी आपणहून वाट दिली. मॅडम पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. रघूला बघताक्षणी त्या दचकल्या.

"कावीळ कधीपासून आहे? कान एवढे पिवळे?"

"भंडारा आहे तो," ही म्हणाली.

मॅडमनी ओला कापूस घेतला आणि देवाचा आशीर्वाद पुसून काढला. मग ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. त्या पिवळ्या नव्हत्या. कागदासारख्या पांढऱ्या होत्या.

"काय खाल्लं यानं?"

"वावगं काही नाही हो. घरचंच. शिवाय चंपाषष्ठीचा नैवेद्य."

"नैवेद्यात काय होतं?"

हिनं सांगितलं. पातीच्या कांद्यापाशी आल्यावर मॅडमनी डोळे मिटले.

"एका घरचा?"

"नाही. गल्लीचा," मी म्हणालो.

कांदा कुत्र्याच्या रक्ताला मारक असतो, शिजवलेला असला तरी, असं त्यांनी सांगितलं. रक्त आतल्या आत फुटत जातं. रक्त तपासलं तेव्हा फारच थोडं उरलं होतं. दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवावं लागेल, आणि ते बाटलीत भरून ठेवलेलं इथं कुठं मिळत नाही. पुण्याला न्यावं तर वाटेतच काही होईल. त्यांनी दोघाजणांना फोन लावले. एकाचं दांडगं कुत्रं मालकाबरोबर गावी गेलं होतं. दुसरा कंपनीत होता, त्याचा फोन लॉकरमध्ये वाजत असणार. "बसा बाहेर. बघते," मॅडम म्हणाल्या. मॅडमसारखी माणसं 'बघते' म्हणतात तेव्हा बघण्यासारखं फार काही उरलेलं नसतं, एवढं मला कळलं.

आम्ही बाकावर बसलो. शेजारी पांढरी मांजर घेतलेली एक बाई होती आणि कंपनीच्या निळ्या शर्टातला एक तरुण माणूस, मांडीवर लॅब्रॅडॉरचं पिल्लू.

"काळजी नका करू ताई," बाई म्हणाली. "आमची मनी पार गेली व्हती. पाय ताठ. मॅडमनी हात लावला आन् उठून बसली."

"मॅडमच्या हाताला गुण हाय," निळा शर्ट म्हणाला.

"गुण हाय, पर तोंड लई कडक हाय. मला म्हनाल्या, मांजराला दूध पाजता का फुगा फुगवता?"

तिथं बसलेल्या प्रत्येकाजवळ एक चमत्कार होता. ज्यांची जनावरं वाचली नाहीत ती माणसं इथं येऊन बसत नाहीत, असा विचार माझ्या मनात आला. एरवी मी तो मोठ्यानं बोललो असतो. त्या दिवशी गिळला. हिनं डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. मीही काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण कुणाला उद्देशून म्हणायचं तिथंच अडलो. ज्याच्या नैवेद्यानं हे झालं त्यालाच 'वाचव' म्हणायचं, हे मला नीट जमेना. आणि दुसरं कुणी ओळखीचंही नव्हतं.

तेवढ्यात एक माणूस आला. पांढरा सदरा, धोतर, खांद्यावर घोंगडी, कपाळभर भंडारा. हातात दोरी आणि दोरीला वासराएवढं पांढरं कुत्रं, गळ्यात बाहेर टोकं आलेला खिळ्यांचा पट्टा. हिनं डोळे उघडले, त्याला पाहिलं आणि ताडकन उठून हात जोडले. त्याला वाटलं ही जागा देते आहे.

"बसा की मावशी, बसा. मी हाय हुबा."

पाबळकडचे होते ते. मेंढरं पाळतात. सगळे त्यांना आप्पा म्हणत होते. मॅडमनी दारातूनच कुत्र्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आप्पा, वजन किती असेल याचं?"

"कुणी केलंय वजन? पर पायावर बसला की मला उठता येत न्हाई."

"लस नंतर देऊ. आधी याचं थोडं रक्त हवंय. आत एक कुत्रं आहे, ते नाहीतर राहायचं नाही."

आप्पांनी उघड्या दारातून रघूकडे पाहिलं, मग आमच्याकडे. लगेच हो म्हणाले नाहीत.

"मॅडम, परवा उसातनं बिबट्या आलता मेंढरांवर. ह्योच आडवा झाला म्हणून. रगत काढल्यावर ह्यो राखणीला ऱ्हाईल का?"

"दोन-तीन दिवस नाही. आत बांधायचं, दमवायचं नाही."

"मंग मेंढरं कुणी राखायची?"

"तुमी राखा की आप्पा," निळा शर्ट म्हणाला. "तुमास्नी बघून बिबट्या येतोय व्हय?"

"तू ये संगतीला. तुजं वाघरू बी आण," आप्पा त्याच्या पिल्लाकडे बोट दाखवून म्हणाले. पण हसले नाहीत. हिचे हात अजून जोडलेलेच होते. त्यांनी तिच्याकडे पाहून नजर वळवली. "मावशी, हात खाली घ्या. बरं दिसत न्हाई." मग मॅडमना म्हणाले, "घ्या. ह्यो बरा हुईस्तवर मी बसतो मेंढरांपाशी शेकोटी करून."

पट्टा काढून त्यांनी माझ्या हातात दिला. तो चांगलाच जड होता. मॅडमनी दोन्ही कुत्र्यांच्या रक्ताचे थेंब काचेवर एकत्र करून पाहिले, मान हलवली आणि पांढऱ्या कुत्र्याला आडवं करायला सांगितलं. आप्पा त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "वाघ्या, पड जरा. पावण्याचं काम हाय." तो पडला. नाव ऐकून हिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की आता तरी बोला. या भागात दर दोन कुत्र्यांमागे एक वाघ्या निघतो, हे मी तिला सांगितलं नाही. ती पुटपुटली, "येळकोट येळकोट." आप्पांच्या तोंडून सवयीनं मोठ्यांदा निघालं, "जय मल्हार!" मांजर घाबरून बाकाखाली गेली.

मी दारात पट्टा धरून उभा होतो. रघूच्या पायातल्या नळीतून रक्त थेंबथेंब जात होतं. मला एक गोष्ट दिसली, ती अजून डोळ्यांसमोरून जात नाही. रघूनं मान टाकली होती आणि कशालाच विरोध केला नव्हता. रक्त कुणाचं, ते का दिलं, देणारा कोण, यातलं काही त्यानं विचारलं नाही. मला हे सगळं आधी कळायला हवं होतं, मग मी आभार मानणार होतो. त्याला फक्त जगायचं होतं. बऱ्याच वेळानं त्याचं शेपूट टेबलावर एकदा आपटलं. मॅडम म्हणाल्या, "हं." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठं वाक्य त्या दिवशी पुन्हा आलं नाही. ही रडायला लागली. मी पट्ट्याच्या खिळ्यांकडे बघत राहिलो.

रघू घरी आला. हळूहळू जिना चढायला लागला. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. पण माझा घोटाळा तसाच राहिला. संकट देवाच्या ताटातून आलं आणि मदत देवाचा भंडारा कपाळाला लावून आली. एक मान्य करायचं तर दुसरंही करावं लागतं. मी हे हिला नीट मांडून सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग तुमच्या मते आभार कुणाचे मानायचे? वांग्याचे?" आणि रघूकडे वळून, "ह्यांचं काही ऐकू नकोस."

पोथ्यांमध्ये असले पुरुष मदत करून अंतर्धान पावतात. आप्पा पावले नाहीत. त्यांनी माझा नंबर घेतला आणि आता रोज सकाळी मला फुलांच्या चौकटीतल्या देवाचं चित्र पाठवतात. त्यांनी शेकोटी करून काढलेल्या रात्री माझ्या मनातून जात नव्हत्या, म्हणून एकदा फोन करून विचारलं, बिबट्या आला होता का.

"न्हाई आला," आप्पा म्हणाले. "पर मी जागा व्हतो म्हणून न्हाई आला, का यायचाच नव्हता, त्ये काय कळंना बघा."

माझ्याइतकाच गोंधळलेला माणूस मला पहिल्यांदाच भेटला आणि मला फार बरं वाटलं. त्यांना कळत नव्हतं, तरी ते जागले होते. माझ्या हातून एवढं जरी झालं तरी पुरे, असं त्या दिवसापासून मनात आहे. आता संध्याकाळी ही दिवा लावते तेव्हा मी शेजारी उभा राहतो आणि हात जोडतो. कुणाला जोडतो ते विचारत नाही. जोडल्यावर बरं वाटतं, एवढंच सांगता येईल.

यंदाच्या चंपाषष्ठीला हिनं आधीच घरोघर जाऊन बजावलं, रघूला कुणी काही घालायचं नाही. मग त्याच्यासाठी वेगळं भरीत केलं, बिनकांद्याचं, बिनलसणाचं. रोडगा कुस्करला, ताटावर तुळशीचं पान ठेवलं. देवाला दाखवून आम्ही दोघांनी मिळून ते ताट त्याच्यापुढे ठेवलं. रघूनं वास घेतला, आमच्याकडे पाहिलं आणि उठून मंगल कार्यालयाच्या दिशेनं निघून गेला.

नैवेद्य टाकायचा नसतो म्हणून तो मी खाल्ला. मीठ कमी होतं.