नवस फिटेपर्यंत

फोपनारच्या मालूबाईची आठवण निघाली की मला आजही संताप येतो. तिच्यावर नव्हे, तिच्या घरावर.

निमाडात गोऱ्या साहेबाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मालूबाईची आधीची मुलं दगावलेली. हा तरी जगावा म्हणून जन्मताच पोराला सुपात घातलं आणि नाव ठेवलं सुपडू. सासू गोदाबाई त्याला कडेवरून उतरवेना. दृष्ट लागेल, वारं लागेल. लागलं काहीच नाही, पण तीन वर्षांचं पोर उभंसुद्धा राहीना. मग गोदाबाईनं देवीला नवस बोलला: नातू चालला, तर त्या दिवसापासून चैत्रात तुझ्या पायरीवर आणेपर्यंत त्याचा पाय भुईला लागू देणार नाही.

त्या पावसाळ्यात गोदाबाई हिवतापानं अंथरुणाला खिळली आणि पोर मालूबाईबरोबर शेतात जाऊ लागलं. निंदताना हात मोकळे हवेत म्हणून तिनं त्याला नाल्याकाठच्या वाळूत मांड्यांपर्यंत रोवलं. पोर उभं राहिलं. शोध कसला, नाइलाज होता. पण मग ती हटली नाही. रोज वाळू थोडी कमी करायची, पुढ्यात कापसाचं बोंड धरायचं. पोर वाकायचं, पडायचं, रडायचं. घरी ती तेल लावून त्याचे पाय दुमडायची, ताणायची. कापूस वेचणीला आला तेव्हा सुपडू बांधावरून तिच्या पसरलेल्या हातांकडे चालत आला. त्याला कवटाळून ती रडली.

गोदाबाई तोवर बरी झाली होती. तिनं पोराला उचललं ते उचललंच.

"आत्याबाई, बसून बसून पाय परत मरतीन त्याचे," मालूबाई सासूला म्हणाली.

"देवीनं चालवलं. तू कोन?"

नवरा देवराम नांगरासारखा गडी, पण आईपुढे मुका. "मायचा सबद कसा मोडू?" एवढंच तो बोलला. गावानंही गोदाबाईच्या भक्तीचे गोडवे गायले. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय.

चैत्रात गोदाबाईनं सुपडूला वाजतगाजत देवीच्या पायरीवर उतरवलं. त्याचे पाय दुमडले. तो तिथेच बसला.

मालूबाई पुढे झाली. बांधावर पसरले होते तसेच तिनं गुडघ्यांवर बसून हात पसरले. सुपडूनं तिच्याकडे पाहिलंही नाही. मान वर करून तो आजीला म्हणाला, "घे ना व, मोठी माय."

आणि गोदाबाईनं त्याला उचललं.