कानबाईची सव्वा मूठ

सरकारबद्दल चांगलं बोलायची मला सवय नाही. गुजरातेत, उधन्यात माझं इस्त्रीचं दुकान आहे. विजेचं बिल आलं की माझ्या तोंडून जे निघतं ते लिहिण्यासारखं नसतं. पण शेजारच्या मंगलाबाईंची हकीकत सांगायची तर जिभेला लगाम घालणं आलं.

मंगलाबाई अमळनेरकडच्या. नवरा गेल्यावर त्यांनी सरकारी योजनेतून कर्ज काढून पिठाची चक्की टाकली. बाईंचा आवाज चक्कीपेक्षा मोठा, आणि उधारीला नाही म्हणणं त्यांना जमत नसे. स्वतःचा हप्ता मात्र कधी चुकवला नाही.

मग एका आषाढात खाडी फुगली आणि चक्कीत छातीएवढं पाणी शिरलं. मोटर जळाली, दगडांत पीठ भिजून थिजलं. चक्की बंद, हप्ते चालू. चक्की विकून कर्ज फेडायचं आणि मुलाला घेऊन गाव गाठायचं, असं बाईंनी मनाशी धरलं होतं.

तेवढ्यात कळलं, पुरात ज्यांची यंत्रं बुडाली त्यांचं उरलेलं कर्ज सरकार माफ करणार. पाहणीला माणूस येईल, नुकसान मात्र दिसलं पाहिजे.

आता श्रावण जवळ आला की खानदेशी बाईला आधी चुना आठवतो. कानबाई देवी घरी यायची असते ना! शिवाय आख्ख्या गल्लीचं कानबाईचं दळण याच चक्कीवर व्हायचं, आणि त्याआधी चक्की धुवायची असा बाईंचा नेम. चक्की बंद होती, तरी नेम मोडला नाही. चिखल काढला, मोटर पुसली, भिंतींना चुना फासला. मी म्हटलं, "बाई, आधी पाहणी तर होऊ द्या."

"देवी चिखलमा कशी येई?" त्यांनी मलाच झापलं.

दुसऱ्याच दिवशी पाहणी आली. योगिताबेन नावाची तरुण गुजराती अधिकारी. तिने पांढऱ्याशुभ्र भिंती पाहिल्या आणि विचारलं, "मासी, पाणी क्यां सुधी आव्युं हतुं?"

पाणी कुठवर आलं होतं ते दाखवायला बाईंनी छातीवर हात ठेवला. भिंतीवर काहीच नव्हतं. आपण काय करून बसलो ते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. "मैंनेच पोत दिया, बेन. कानबाई आनेवाली है," एवढंच बोलल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. नवऱ्याच्या दहाव्यालाही धीराने वावरलेली ही बाई, तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

संपलं, म्हटलं मी. भर दुपारची वेळ. दुसरं कोणी असतं तर फुली मारून पुढच्या दारात गेलं असतं. योगिताबेनने पर्समधून स्कूटरची चावी काढली आणि भिंतीचा चुना खरवडायला लागली. बराच वेळ खरवडत होती. ड्रेस पांढरा झाला, आणि भिंतीवर चिखलाची काळी रेघ उघडी पडली, बरोब्बर छातीएवढी. मग मला हाताशी घेऊन तिने चक्कीचा वरचा दगड उचलवला. आतल्या आंबलेल्या पिठाच्या वासाने मी नाक दाबलं, तिने फोटो काढले. चहासुद्धा न घेता गेली, गल्ली बाकी होती.

दिवाळीच्या आत कर्ज माफ झालं. ते पत्र बाईंनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. हप्त्याचे पैसे मोटरीला लागले, आणि चक्की पुन्हा आमची झोप मोडायला लागली. इतक्या आनंदाने माझी झोप कधी मोडली नव्हती.

पुढच्या श्रावणात बाईंच्या घरी कानबाईच्या रोटाचे गहू काढायला सगळे बसले. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा, आणि त्या पिठाचे प्रसादाचे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत, ही रीत. सगळी नावं झाली, तरी बाईंनी आणखी एक मूठ उचलली.

"ही कोननी?" बाईंचे थोरले दीर छगनआप्पा गुरकावले.

"योगिताबेननी."

"बाईमानूस, त्यात परकी! परकाले रोट देतस का कोनी?"

"परकं मानूस मनी भिंत कसाले खरवडी, आप्पा?"

रीतीला आप्पा पक्के. आता उठून जातात की काय, असं मला वाटलं. त्यांनी सूप पुढे ओढलं, बाईंच्या मुठीवर सव्वातली वरची पाव मूठ स्वतःच्या हाताने घातली आणि म्हणाले, "त्या पोरीले फोन कर. रोट गरम खावा लागतस."