मागचा दांडा

डेपोत त्याला सगळे लेव्हल म्हणत. बसखालून सरपटत बाहेर आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "लेव्हलला आहे का बघ." निवृत्त झाल्यावर नाव घरापर्यंत आलं. भिंतीवरचं कॅलेंडर जरा कललेलं दिसलं तरी तो ताटावरून उठायचा.

"अहो, या घरात मीच तेवढी वाकडी राहिले," बायको म्हणायची.

"तिथे मी हात टेकले," म्हणून तो पुन्हा जेवायला बसायचा.

कामात मात्र त्याचं थट्टेशी वाकडं. नट हाताने नीट फिरल्याशिवाय त्याला पाना लावायचा नाही. दुसऱ्याने आवळलेला नट तो सोडवून पुन्हा स्वतः आवळायचा. अर्धवट जोर लावणाऱ्याला म्हणायचा, "जेवताना पण अर्धाच घास चावतोस का?" लेव्हलने सोडलेली गाडी परत आली असं डेपोत कुणी पाहिलं नव्हतं.

थोरल्या मुलीने जुनी गाडी घेतली. गोल दिव्यांची, लांब नाकाची, मागच्या चाकांवर पळणारी. गाडी देखणी, पण वळणावर अशी कलायची की मागे बसलेल्या आईच्या पोटात ढवळायचं. मुलीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नवी नोकरी लागली होती, ती डोंगरापलीकडे. जाण्यायेण्याचा रस्ता सगळा वळणांचा, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी.

"बाबा, तुम्ही हो म्हणालात तरच ही गाडी घाटात नेईन," ती म्हणाली. "नाहीतर विकून टाकते."

गाडी कलू नये म्हणून खालून आडवी एक सळई जाते. दुकानात तिला स्वे बार म्हणतात, डेपोत नुसता दांडा. एका बाजूचं चाक दबलं की दांडा पिळतो आणि दुसऱ्या बाजूलाही दाबून धरतो. या गाडीला पुढे कंपनीचा बारीक दांडा होता, मागे काहीच नव्हतं. लेव्हल भंगार बाजारात गेला आणि एका जड गाडीचा चांगला जाड दांडा उचलून घेऊन आला. मागे बसवण्यासाठी. पकडी स्वतः कापल्या, भोकं स्वतः पाडली, रबरं नवी घातली.

मुलगी वाकून बघत होती. "मागचा पुढच्यापेक्षा जाड?"

"माणसं कुठे बसतात? मागे. सामान कुठे? मागे. भार मागे, तर दांडा मागे जाड. आयुष्यभर हेच केलंय."

"बरं बाबा."

ती बरं म्हणाली आणि विषय संपला. घरात त्याच्या शब्दापुढे कुणी जात नसे.

सकाळी गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर त्याने गाडी फिरवून पाहिली. बायकोला मागे बसवलं. वळणाआधी वेग कमी, वळणात पाय स्थिर, बाहेर पडल्यावर हळूच वेग. बस चालवतात तशी.

"अगं, कशी वाटते?"

"पाटावर बसल्यासारखी," बायको म्हणाली. तिच्या तोंडून कौतुक म्हणजे दगडाला पाझर.

तिला उतरवून त्याने किल्ली मुलीला दिली आणि स्वतः शेजारी बसला. पहिलं वळण सुरेख गेलं. दुसऱ्या वळणात ती जरा वेगात शिरली. वेग जास्त वाटला, म्हणून तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. चालवणारं कुणीही उचलेल तसा.

गाडीची शेपटी निसटली.

आवाजसुद्धा फारसा झाला नाही. समोरचं गोदाम बाजूला सरकलं, मग कुंपण आलं, मग नुसतं आकाश, आणि मग ते आले होते तोच रस्ता. गाडी उलट तोंड करून उभी होती. मुलीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. लांबून बायको चपला हातात घेऊन धावत येत होती.

लेव्हल कुंपणाकडे बघत होता, पण त्याला कुंपणाच्या जागी दरी दिसत होती.

"बाबा, मी काही चुकीचं केलं का?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

बायको धापा टाकत खिडकीशी आली. दोघं धड आहेत हे बघून तिचा आवाज चढला. "पाटावर बसवलीत ना पोरीला? पाट उलटा कुणी केला?"

त्याने उतरून किल्ली मुलीच्या हातून घेतली.

घरी तो चहा समोर ठेवून बसून राहिला. साय धरली तरी कप उचलला नाही. एखादा नट ढिला राहिला असता तर त्याला बरं वाटलं असतं. गाडीखाली जाऊन त्याने प्रत्येक नट तपासला. सगळे जागच्या जागी. काम चोख होतं, आणि त्याच चोख कामाने मुलगी दरीत गेली असती. अंगावर काटा आला तो तिथे, फरशीवर पाठ टेकलेली असताना.

मग मागचे टायर पाहिले. एकाची बाहेरची कड खरवडून निघाली होती, वळणाच्या आतल्या बाजूच्या टायरवर ओरखडासुद्धा नव्हता. पडल्या पडल्या त्याला कळत गेलं. दोघांनी जिन्यावरून कपाट उतरवावं, एकाने अंग सैल सोडावं, तर सगळं ओझं ताठ उभ्या राहिलेल्याच्या खांद्यावर येतं. मागे जाड दांडा ताठ, पुढचा बारीक सैल. वळणातलं सगळं ओझं मागच्या एका टायरवर, त्याचा जोडीदार अधांतरी. बसच्या मागच्या चाकांवर माणसांचा भार असतो, म्हणून तिथे खपतं. या गाडीचं वजन नाकात होतं. त्याने दांडा निवडला होता बसच्या हिशेबाने, आणि तोही एकटा. निवडायची असते जोडी.

"काढताय?" बायकोने वाकून विचारलं. आवाज आता उतरला होता.

"काढतोय."

"मदत लागेल?"

"दिवा धर."

या खेपेला त्याने पुढून सुरुवात केली. पुढे आधीपेक्षा जाड दांडा घातला, मागे काहीच नाही, आणि फिरवून पाहिलं. मग मागे बारीकसा एक, पुढच्यापेक्षा बराच बारीक. गाडी किंचित कलायची. लेव्हलने ते कलणं सोसलं, आणि ते त्याला सोपं गेलं नाही.

दोन दिवसांनी पुन्हा गोदामांमागचा रस्ता. तो मागच्या सीटवर बसला. निसटली तर आधी हीच बाजू जाणार.

"वळणात शिर आणि पाय उचल," तो म्हणाला.

"मुद्दाम?"

"मुद्दाम. आधी हळू, मग थोडी वेगात."

ती शिरली. पाय उचलला. त्याने पुढच्या सीटची पाठ धरली, पण डोळे मिटले नाहीत. गाडीचं नाक जरासं बाहेर ओढलं गेलं, शेपटी मागोमाग आली. दोघांनी वेग वाढवत नेला, डावीकडून, उजवीकडून. शेपटी जागेवरच.

तिने गाडी थांबवली आणि आरशात त्याच्याकडे पाहिलं. "मग? नेऊ घाटात?"

हो म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

"मला विचारू नकोस. पाय तुझा होता. तुला काय कळलं ते सांग."

तिने जरा विचार केला. "जास्त झालं की नाक आधी सांगतं. मला वेळ मिळतो."

"परवा मिळाला होता?"

"नाही. परवा कळायच्या आत सगळं होऊन गेलं होतं."

"मग तूच ठरव."

"नेते," ती म्हणाली. "पण पहिले काही दिवस सावकाश."

लेव्हलने मान डोलावली. उतरायला गेला तर पुढच्या सीटची पाठ त्याच्या हातातून सुटेना. मुलीने मागे वळून त्याची बोटं एकेक करून सोडवली.