फीच्या बदल्यात शाल

आमच्याकडे माणसाचं तोंड बंद करायचं असेल तर त्याच्या डोक्यावर फेटा बांधतात. ही रीत फक्त काष्टीकडची की साऱ्या जिल्ह्याची, ते मला सांगता येणार नाही. आमच्या दिवाणात मात्र सत्काराच्या शालींचा थर साचलाय. नवऱ्याला सोसायटीनं दिलेली, दिराला पतसंस्थेनं, सासूबाईंना नुसतं म्हातारं झाल्याबद्दल. थंडी तर त्यांनी जात नाहीच, पुरणाचं पातेलंही धड झाकत नाही. घरात बिनसत्काराची मी एकटीच उरले होते आणि मनात त्याची बारीकशी बोच होती. ती मुलीच्या कॉलेजनं काढली.

मुलगी फार्मसीला. ज्या साहेबांचं कॉलेज, त्यांचाच साखर कारखाना. मागच्या पावसाळ्यात कारखान्याची निवडणूक लागली आणि कॉलेजातले यच्चयावत प्राध्यापक प्रचाराला निघाले. निघाले म्हणजे धाडले गेले. लॅबला कुलूप, फळा कोरा आणि कॉलेजच्या बसमध्ये सभेला न्यायची माणसं. आमची मुलगी माझ्याशेजारी बसून लिंबं निवडायला लागली. फी भरली होती ती कशाची, तर लिंबं निवडण्याची.

एके सकाळी तिला औषधं बनवायला शिकवणारे सर आमच्याच अंगणात उभे. गळ्यात साहेबांच्या पॅनेलचं उपरणं, हातात कपबशीचं चिन्ह छापलेल्या चिठ्ठ्या. मुलीनं पाणी आणून दिलं.

"सर, गोळ्यांचं प्रॅक्टिकल कधी घेणार?"

"निकाल लागू दे गं," सर म्हणाले आणि माझ्या नवऱ्याकडे वळले. "दाजी, कपबशी. ध्यानात ठेवा."

"सर, आमची परीक्षाही जवळ आलीय."

"तू हुशार आहेस. तुला काय अवघड?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, चहात साखर कमी टाका."

कारखान्याच्या प्रचाराला आलेला माणूस हे सांगत होता. एवढं शिकून दारोदार कपबशी सांगत हिंडणाऱ्याची खरं तर कीव यायला हवी. मला आली नाही. मी साखर नेहमीएवढीच टाकली, आणि त्यांनीही चहा बशीत ओतून भुरकून प्यायला.

कपबशी निवडून आली. परीक्षाही झाली आणि प्रॅक्टिकलला वर्गातल्या सगळ्यांना भरभरून मार्क पडले. पावडर तोलायचा काटा मुलीनं हातात धरला नव्हता, तरी त्या काट्याचे मार्क तिच्या पदरात. मी पेढे आणायला निघाले तर ती म्हणाली, "आई, पेढे कसले? उद्या दुकानात बसून मी लोकांना औषधं देणार. मला काही येत नाही."

तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी ठरवलं की त्या सत्राची फी परत मागायची आणि त्याच पैशात पुण्याच्या एका लॅबमध्ये उन्हाळ्यात राहिलेलं सगळं शिकून घ्यायचं. आमच्याकडून वेगळे पैसे निघणार नव्हते, हे तिला ठाऊक होतं. फी मिळाली तर शिकणं, नाहीतर कोरी पदवी. अर्ज गेला. प्राचार्यांनी उत्तर पाठवलं की एकही तास बुडालेला नाही, हजेरी पूर्ण आहे. विद्यापीठ म्हणालं, शिकवलं नाही याचा पुरावा आणा. न झालेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा, ते विद्यापीठानं सांगितलं नाही.

मग कॉलेजनं आम्हां पालकांना बोलावलं. विषय, फीबाबत चर्चा.

"तूच बोल," नवरा म्हणाला. "मला आवाज फुटत न्हाई, आन् फुटला तर शिव्याच येत्यात."

मी तयारीला लागले. भाकऱ्या थापताना बोलले, लिंबांच्या क्रेटशी बोलले, म्हशीला तर दोनदा अख्खं भाषण ऐकवलं. तिनं मान हलवली होती. वक्तृत्वात आपण काही कमी नाही, असं वाटायला लागलं.

हॉलमध्ये शिरले तर व्यासपीठावर साहेब, आणि टेबलावर नारळांची रास. नारळ दिसले तेव्हाच उलट्या पावली परतायला हवं होतं. पण पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी होती, आणि पहिल्या रांगेचा मोह मला लहानपणापासून आहे. बसले. थोड्या वेळानं कर्तृत्ववान माता म्हणून माझंच नाव पुकारलं. शाल आली, नारळ आला, कुणीतरी भगवा फेटा बांधला. समोर फोटोवाला. प्राचार्यांनी माईक पुढे केला. "ताई, दोन शब्द."

फेटा बांधलेल्या बाईला फी मागता येत नाही. तोंडच उघडत नाही तसं. मी म्हणाले, "सगळ्यांची आभारी आहे." म्हैस असती तर तिनं मान फिरवली असती.

माझ्यामागून एकेक पालक गेला, एकेक फेटा चढला. फी मागायला आलेली सगळी फौज लग्नातल्या वऱ्हाडासारखी दिसायला लागली. नवराही फेट्यात. मागे भिंतीला टेकून मुली उभ्या होत्या. त्या आमच्याकडे अशा बघत होत्या, जसं आपण उष्ट्या पत्रावळीकडे बघतो.

शेवटी साहेब उठले. साहेबांना विजयाचा विषय निघाला की थांबता येत नाही, आणि तो त्यांनी स्वतःच काढला.

"आज पालकांचा सत्कार झाला. पन खरा सत्कार ह्या प्राध्यापकांचा," ते म्हणाले. "मर्दांनो, पावसाळ्यापासून निकालापर्यंत ह्यांनी कॉलेजचं तोंड पाहिलं न्हाई. मीच सांगितलं हुतं, लॅबला कुलूप घाला, पोरं काय पळून जात न्हाईत. प्राचार्यांनी एका शब्दावर घातलं. अशी मानसं लागतात संस्थेला."

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत मीही वाजवल्या. फेटा चढला की हातही आपले राहत नाहीत. प्राचार्य लाजून खाली बघत होते. एकही तास बुडाला नाही हे आपल्याच सहीनं लिहून दिल्याचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. कौतुक होत असताना असल्या गोष्टी कुणाच्या ध्यानात राहतात? साहेबांना कुणी पकडलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. नुसता माईक हातात दिला होता.

मुलगी टाळ्या वाजवत नव्हती. तिचे दोन्ही हात मोबाईल धरण्यात गुंतले होते.

घरी येताना एसटीत ती मोबाईल कानाला लावून साहेबांचं भाषण पुन्हा ऐकत होती. मी म्हणाले, "बोलायचं राहूनच गेलं गं."

"तू बोलली नाहीस ते बरं झालं," ती म्हणाली. "तू बोलली असतीस तर साहेब सावध झाले असते. आता तो फेटा उतरव, लोक बघतायत."

"अगं, बघू देत ना," तिचा बाप म्हणाला. त्याचाही डोक्यावरच होता.

ते भाषण मुलींनी विद्यापीठाच्या तक्रार समितीकडे पाठवलं. समितीनं पुष्कळ दिवस काढले. समित्यांना दुसरं येतं काय? पण साहेबांचा आवाज तालुक्याबाहेरही ओळखू येतो. सत्राची फी परत करा, असा आदेश निघाला.

आणि तरी कॉलेजची खोड गेली नाही. चेक घरी पाठवायचे, तर त्याचाही समारंभ ठेवला. बॅनरवर साहेबांचा हसरा चेहरा आणि खाली 'विद्यार्थिनींना मदतीचा हात'. आमचेच पैसे, आमच्याच पोरींना, मदत म्हणून. निघताना मुलीनं बजावलं, "आई, शाल घ्यायची नाही."

"मी काय खुळी आहे?"

नाव पुकारलं. मी पायऱ्या चढले. प्राचार्यांनी चेक हातात दिला आणि मागून कुणीतरी शाल उलगडली. सांगायला लाज वाटते, पण माझी मान आपसूक पुढे झुकली. तेवढ्यात पदराला मागून हिसका बसला. मुलगी माझ्या पाठोपाठ वर आली होती.

"चेक मिळाला ना? चल."

आम्ही उतरलो. वर शाल धरलेला माणूस तसाच हात पसरून उभा, फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावून ताटकळलेला. शाल न घालता, फोटो न काढता परत जायची सवय दोघांनाही नव्हती. शेवटी शालवाल्यानं ती शेजारी उभ्या असलेल्या प्राचार्यांच्याच खांद्यावर टाकली. प्राचार्यांनी वाकून नमस्कार केला. हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

मुलीनं चेक माझ्या हातातून काढून घेतला. पुण्याच्या लॅबचे प्रवेश त्याच आठवड्यात होते.