खांबावर चढणारे दिवे

बोईसरच्या बाजारात ज्ञानेश्वरीचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. जळालेला पंखा, मिक्सर किंवा पंप तिथे येतो आणि तांब्याची नवी तार लेवून पुन्हा फिरू लागतो. लग्न होऊन ती सांगलीकडच्या कोरड्या मुलखातून इथे आली आणि हे काम तारापूरच्या एका कारखान्यात शिकली. समुद्र मात्र तिने एवढ्या वर्षांत मासळीच्या टोपलीतच अधिक पाहिला होता.

ती टोपली किनाऱ्यावरच्या नवापूरहून मासळी विकायला येणाऱ्या गोजराबाईची. दुरुस्त झालेला मिक्सर न्यायला आली असता एकदा ती म्हणाली, "बाय, तुजी मोटार विजेवर हलते. आमचा दर्या फुकट हलतो. त्याची वीज काढ की!"

"काढीन. तुमच्या होड्या बांधायच्या खांबावर दिवा लावून दाखवते."

"आनि नाय लागला तर?"

"आठवडाभर तुमचे बोंबील मी वाळत घालीन."

"लागला तर टोपलीतला सगल्यात मोठा सरंगा तुजा!"

बोलणे भर बाजारात झाले होते. गिऱ्हाइके येता-जाता दिव्याची चौकशी करू लागली, आणि ज्ञानेश्वरीला कळून चुकले की आता दुकानाचे नावच पणाला लागले आहे.

आधी तिने दात्यांची चाके जोडून पाहिली. पण लाटेच्या संथ चालीवर मोटार फिरेना. मग तिने फिरवणेच सोडून दिले. खांबाच्या तळाशी तारेचे एक वेटोळे बसवायचे आणि खांबाभोवती तरंगत्या ड्रमचे कडे घालून त्यात जुन्या स्पीकरांतली चुंबके बसवायची, असे ठरले. लाटेबरोबर ड्रम वरखाली झाला की चुंबके वेटोळ्यावरून सरकणार आणि तारेत वीज येणार. ओहोटीला चिखल तुडवत जाऊन तिने सारे बसवले. पाणी गुडघ्याला लागताच दिवा लुकलुकला. संध्याकाळी सगळ्यांनी यावे, असे तिने आनंदाने जाहीर केले.

संध्याकाळी भरती होती. पाण्याने ड्रम उचलून पार वर नेला होता. वेटोळे खाली बुडालेले, आणि ड्रम वरच्या मोकळ्या खांबाभोवती खुशाल नाचत होता. दिवा मिटलेला. केसाएवढ्या तारेची जाडी मोजणाऱ्या बाईने समुद्राची उंची मोजली नव्हती. तिच्या माहेरच्या विहिरीचे पाणी सकाळी जिथे असे, तिथेच ते संध्याकाळीही सापडे.

"दर्या काय तुज्या दुकानातला पंप हाय, एका जागी बसायला?" गोजराबाईने विचारले, आणि जमलेल्या बायका पोट धरून हसल्या.

ज्ञानेश्वरी शब्दाला जागली. दुकान उघडण्याआधी रोज ती नवापूरला जाई आणि बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून बांबूंवर टांगी. वरच्या बांबूंना तिचा हात नीट पोचत नसे, म्हणून एका सकाळी तिने खालचाच बांबू भरला.

गोजराबाई ओरडली, "वरचे बांबू काय नवऱ्याला राखलेस? खालपासून वरपरेंत घाल! ऊन कुटं लागंल त्याचा नेम हाय काय?"

ज्ञानेश्वरी हातातली जोडी तशीच धरून उभी राहिली. तिची नजर बांबूंवरून वर सरकत गेली आणि तिथून समुद्रातल्या खांबाकडे वळली.

पुढच्या ओहोटीला खांबावर एकाऐवजी वेटोळ्यांची रांगच चढली. तळापासून माथ्यापर्यंत प्रत्येकाला पाणी शिरू नये म्हणून राळेचा लेप आणि स्वतःचा एक इवलासा दिवा. संध्याकाळी पाणी वाढू लागले. आधी खालचा दिवा लाटेगणिक मिचकला. तो बुडून शांत झाला तेव्हा वरचा जागा झाला, मग त्याच्याही वरचा. भरती चढेल तसा उजेड खांबावर चढत गेला. एवढ्या विजेवर मोबाइलही भरला नसता, हे ज्ञानेश्वरीने आपणहून सांगितले. पण तिचे ऐकतो कोण?

"अगो, पानी किती चढलं तं आता घरातनं दिसंल!" गोजराबाई म्हणाली. तिने टोपलीतून सरंगा काढला, ज्ञानेश्वरीपुढे धरला आणि लगेच मागे घेतला.

"पन आठवडा सरला नाय अजून. उद्या बोंबील घालाय ये, मंग ने."

"येते," ज्ञानेश्वरी हसून म्हणाली, "पण वरच्या बांबूला मला एक स्टूल द्या."