कोटग्यातला आखूड ओ

आमच्या घराण्याला एक किल्ला आहे, असं मी लहानपणापासून ऐकत आले. नरसिंहाच्या डोंगराला जाणाऱ्या वाटेवर, बेंगळुरूहून सकाळी गाडीने निघालं तर जेवायच्या वेळेला पोचतो असा. आता तिथे एक वेस, दोन ढासळलेले बुरुज आणि भरपूर निवडुंग. पण अण्णा, म्हणजे माझे वडील, किल्ल्याची चावी खिशात असल्यासारखे बोलायचे. पुरावा काय? तर तिथल्या गावात आमच्या लोकांना 'कोटगेवाले' म्हणत. कन्नडमध्ये कोटे म्हणजे किल्ला. झालो आम्ही किल्लेदार.

शिवाय एक रीत. देवाला जाताना त्या वेशीत आम्ही नारळ फोडत नाही, मूठभर गवत आणि गुळाचा खडा ठेवतो. का, असं विचारलं की अण्णा म्हणत, "किल्लेदाराच्या घोड्यासाठी." मला ते कधीच पटलं नाही. घोडा एवढा लाडका होता, तर त्याचं नाव कुणालाच कसं ठाऊक नाही? पण मी फार खोदायला लागले की अण्णा म्हणायचे, "तुला नं, नसत्या चौकशा फार."

माझा नवरा पुण्याचा. आम्ही सर्जापूर रोडला राहतो, पण सह्याद्रीतला प्रत्येक किल्ला आपल्या पायाखालून गेलाय असा त्याचा रुबाब. लग्न झाल्यापासून तो अण्णांना चिडवतोय, "अण्णा, तुमची जहागीर कधी दाखवताय?" यंदा अण्णांचे गुडघे फारच बोलायला लागले. तेव्हा त्यांनीच फर्मान काढलं: चालता येतंय तोवर जावयाला किल्ला दाखवायचाच.

त्याच आठवड्यात मी चामराजपेटला त्यांच्या घरी गेले होते. शेजारच्या अक्का गावाकडच्या घराबद्दल सांगत होत्या, आणि बोलता बोलता म्हणाल्या, पावसात कोट्टिगे पडलं. माझे कान टवकारले. हे तर आमचंच कोटगे. कोट्टिगे म्हणजे गोठा! कन्नड मी रोज बोलते, तरी हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मराठीत ओ एकच, कन्नडमध्ये दोन. लांब ओने किल्ला होतो, आखूड ओने गोठा. घरात मराठी बोलताना कधीतरी तो लांबला असणार. मग गवत कुणासाठी, हे वेगळं सांगायला नको.

आता आली पंचाईत. अण्णांना सांगावं, तर ऐन जावयासमोर त्यांची किल्लेदारी जाणार. न सांगावं, तर माझ्या पोटात काही राहत नाही. शेवटी तोंड शिवून गाडीत बसले.

वेशीच्या आत भिंतीला लागून दगडी खुंट्यांची रांग होती आणि तिच्यापुढे लांबट दगडी डोण. अण्णा काठीने दाखवत म्हणाले, "ही आमची पागा." नवऱ्याने वाकून डोणीत हात फिरवला. "आणि हे काय?"

"गव्हाण," मी म्हणाले.

"घोड्यांची?"

"गाईंची." बस्स, जीभ सुटली. अक्कांचं बोलणं, दोन ओ, गवत, सगळं सांगून मोकळी झाले.

अण्णा डोणीच्या काठावर बसले. मला माझाच राग आला. नवरा चिडवायचंसुद्धा विसरला. मग अण्णा तोंडातल्या तोंडात म्हणाले, "कोट्टिगे." पुन्हा एकदा तसंच, आखूड.

"माझे वडील असंच म्हणायचे," ते म्हणाले. "मी शाळेत ते सांगितलं, तर पोरं शेणवाला म्हणून चिडवायला लागली. मग ओ मी लांब केला."

मला रडू आलं. मी तोंड निवडुंगाकडे फिरवलं. नवऱ्याने हळूच विचारलं, "पण अण्णा, किल्ल्यात गाई कशाला?"

"डोंगराला पायी जाणाऱ्यांना ताक द्यायला असतील. मला तरी काय ठाऊक? वडिलांना कधी विचारलंच नाही. विचारलं असतं, तर लांब ओ कसा टिकला असता?"

मग त्यांनी बरोबर आणलेलं गवत माझ्याकडून मागून घेतलं. वेशीत नाही, डोणीत ठेवलं, वर गूळ.

परतताना चहाला थांबलो. टपरीवाल्याने कन्नडमध्ये विचारलं, कोटे पाहिलंत का, सर?

"कोटे नाही," अण्णा म्हणाले, "नम्म कोट्टिगे. आमचा गोठा." ओ अगदी आखूड, आणि पलीकडच्या बाकावरच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.